देश तसा वेष : पण कोठवर?

"देश तसा वेष" ही म्हण आपल्याकडे इतकी सर्रास वापरली जाते, कीं तींत विचार करण्यासारखें कांहीं आहे याचाच आपल्याला विसर पडतो. परदेशीं निघालेल्या मुलाला वडील माणसें ती ऐकवितात. परदेशाहून परतलेल्या जांवयाच्या तऱ्हेवाईक पोषाखाचें समर्थनहि तिच्याच आधारें होतें. मींहि ती एकदां अशीच, फारसा विचार न करितां, वापरली. तिच्यावर मला जो प्रश्न विचारण्यांत आला, त्याचें उत्तर तेव्हां मला देतां आलें नाहीं. तें देण्याचा हा उशिराचा प्रयत्न आहे.

गोष्ट २०१३ सालची. माझा भाचा नुकताच दुबईला एका कचेरींत हिशेबनीस म्हणून रुजू झाला होता. रमजानचा महिना त्या वर्षीं जुलैत आला होता, आणि अरबस्तानांतील जुलै म्हणजे काय हें तेथें राहिलेल्या माणसाला सांगावयास नको. दुपारच्या वेळीं बसच्या थांब्यावर उभा असतां त्यानें पिशवींतील बाटली काढून तोंडाला लावली. शेजारीं एक वृद्ध पठाण उभा होता. त्यानें भाच्याच्या मनगटावर हळूच हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या हिंदींत सांगितलें, "बेटा, आंत कोठें तरी जाऊन पी." भाच्यानें बाटली मिटली, पण रात्रीं मला लांबलचक पत्र लिहिलें. "मामा, मी मुसलमान नाहीं. माझा उपवास नाहीं. मला तहान लागली असतां मीं चोरासारखें लपून पाणी प्यावें, म्हणजे जें मी मानीत नाहीं तें मानल्याचें सोंग करावें, असेंच नव्हे काय? मनांत एक आणि जनांत एक असूं नये, हें तुम्हींच मला लहानपणीं शिकविलें."

त्या वेळीं संयुक्त अरब अमिरातींत १९८७ ची दंडसंहिता चालू होती, आणि रमजानांत दिवसा उघड्यावर खाणें-पिणें हा तिच्याप्रमाणें गुन्हा होता. त्याला एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन हजार दिरहमांपर्यंत दंड होऊं शके. ही भीति मनांत धरून मीं घाईघाईनें चार ओळींचें उत्तर पाठविलें. त्यांतली मुख्य ओळ अर्थात् "देश तसा वेष" हीच होती. त्यावर त्याचें जें उत्तर आलें त्यांत एकच वाक्य होतें: "बेळगांवच्या सविता हलप्पनवार यांनींहि असेंच म्हणावयाचें होतें काय?"

मी निरुत्तर झालों.

सविता हलप्पनवार यांचें नांव तेव्हां घरोघरीं माहीत होतें. आज कदाचित् कांहींना आठवणार नाहीं. त्या मूळच्या बेळगांवच्या, दंतवैद्यकाचें शिक्षण घेतलेल्या. पतीसह आयर्लंडांत गॉलवे येथें त्या राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्यें, सतरा आठवड्यांच्या गरोदर असतां, त्यांचा गर्भपात होऊं लागला. मूल वांचणार नाहीं हें डॉक्टरांना कळून चुकलें होतें. सविताबाईंनीं गर्भ काढून टाकण्याची विनंति केली. पण गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू होते, आणि आयर्लंडच्या राज्यघटनेंत १९८३ सालीं घातलेल्या आठव्या दुरुस्तीनें गर्भस्थ जीवाचा जगण्याचा हक्क मातेच्या हक्काच्या बरोबरीचा ठरविला होता. विनंति नाकारण्यांत आली. पुढें रक्तांत विष भिनून २८ ऑक्टोबरला त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्या एकतीस वर्षांच्या होत्या. हा कॅथॉलिक देश आहे, असे उद्गार आपल्या तोंडून निघाल्याचें तेथील एका परिचारिकेनें एप्रिल २०१३ मधील मृत्युचौकशींत मान्य केलें. दुखावण्याचा आपला हेतु नव्हता, असेंहि तिनें सांगितलें. रोग वेळीं न ओळखण्याची हयगयहि चौकशींत उघड झाली. परंतु हयगयीच्या जोडीला कायदा उभा होता, आणि त्या कायद्याच्या पाठीशीं धर्म उभा होता, हें कोणाला नाकारतां आलें नाहीं. सविताबाई आयरिश नव्हत्या, कॅथॉलिकहि नव्हत्या.

एकाच म्हणीच्या पोटांत पाण्याचा एक घोट आणि एका स्त्रीचा प्राण या दोन्ही गोष्टी बसूं शकतात काय? बसत नसतील, तर त्यांच्यामधली रेघ कोठें ओढावयाची? भाच्याच्या एका वाक्याचा अर्थ एवढा होता.

प्रथम, परक्या मुलखांत गेलेल्या माणसानें तेथील धर्ममूलक कायदे व रूढि कां पाळाव्या, याचीं जीं कारणें सामान्यतः सांगण्यांत येतात तीं पाहूं. पहिलें कारण असें, कीं तो पाहुणा आहे. आणि पाहुण्यानें यजमानाच्या घरची रीत पाळावी. ऐकावयास हें गोड आहे. पण पाहुणा चार दिवस राहतो, यजमानाच्या ताटांतलें खातो आणि आपल्या घरीं जातो. अमिरातींतील दर दहा माणसांमागें जवळजवळ नऊ माणसें परकी आहेत. तेथले मनोरे त्यांनीं बांधले, रुग्णालयांत सेवा त्यांनीं केली, दुकानांचे हिशेब त्यांनीं लिहिले. वीस वर्षें विटा रचणाऱ्या गवंड्याला पाहुणा म्हणणें ही त्याची थट्टाच होय. शिवाय आपल्या परंपरेंत अतिथिधर्म हा मुख्यतः यजमानाचा धर्म आहे. दाराशीं आलेल्याचें काय करावें हें तो यजमानाला सांगतो. आलेल्यानें किती वांकावें याचें माप तो देत नाहीं.

दुसरें कारण संमतीचें. तुम्ही आपण होऊन त्या देशांत गेलां, परवाना मागितला, कागदावर सही केली. आतां तक्रार कसली? हा युक्तिवाद फार जुना आहे. प्लेटोच्या 'क्रिटो' या संवादांत अथेन्सचे कायदे साक्रेटिसाशीं जणूं बोलतात, आणि, तुला आम्हीं नको होतों तर दुसरीकडे जावयास वाट मोकळी होती. तूं गेला नाहींस, यांतच तुझी संमति आली, असें त्याला पटवितात. डेव्हिड ह्यूमनें १७४८ सालच्या आपल्या एका निबंधांत या विचाराची नाडी अचूक पकडली. ज्या गरिबाला दुसरी भाषा येत नाहीं आणि जो रोजच्या मजुरीवर जगतो, त्याला देश सोडण्याची मोकळीक होती असें म्हणणें म्हणजे झोपेंत जहाजावर आणून टाकलेल्या माणसानें कप्तानाची सत्ता खुषीनें पत्करली असें म्हणण्यासारखें आहे, असा त्याचा आशय आहे. ह्यूमचा गरीब देश सोडूं शकत नव्हता. आपला गरीब देशांत राहूं शकत नाहीं, एवढाच फरक. रत्नागिरीकडचा तरुण दलालाचें कर्ज डोक्यावर घेऊन आखातांत उतरतो, आणि न वाचतां येणाऱ्या लिपींतल्या करारावर सही करितो. त्याच्या संमतीचें वजन किती धरावयाचें? माझ्या भाच्याची संमति त्याहून पुष्कळच खरी होती. तरीहि उपवास करणाऱ्याच्या तोंडासमोर पाणी पिऊं नये हें कर्तव्य असेल, तर तें भाच्याला आणि त्या मजुराला सारखेंच लागू आहे. जें संमतीबरोबर कमीजास्त होत नाहीं, त्याचें मूळ संमतींत नसलें पाहिजे.

तिसरें कारण व्यवहाराचें. आपल्या धर्मशास्त्रकारांनीं देशधर्म मानला आहे. आणि कौटिल्यानें तर जिंकलेल्या प्रदेशांत राजानें तेथल्या प्रजेचाच वेष, भाषा आणि आचार स्वीकारावा असें सांगितलें आहे. पण कौटिल्याचा सल्ला हा राज्य टिकविण्याचा सल्ला आहे. त्यानें शहाणपण शिकतां येतें, कर्तव्य शिकतां येत नाहीं.

या तिन्ही कारणांपेक्षां मला एका जुन्या ख्रिस्ती धर्मगुरूचें उत्तर अधिक जवळचें वाटतें. चौथ्या शतकाच्या अखेरीस आफ्रिकेहून मिलान शहरीं आलेल्या संत ऑगस्टीनच्या आईला एक पेंच पडला. शनिवारीं उपवास करण्याची रोमची रीत होती. मिलानांत ती नव्हती. आतां आपण काय करावें? ऑगस्टीननें तेथील धर्माध्यक्ष ॲम्ब्रोज यांना विचारलें. त्यांनीं सांगितलें, कीं मी रोमला असतों तेव्हां शनिवारीं उपवास करितों, येथें असतों तेव्हां करीत नाहीं. तुम्हींहि ज्या गांवच्या मंडळींत जाल त्या गांवची रीत पाळा, म्हणजे तुमच्यामुळें दुसऱ्याला आणि दुसऱ्यामुळें तुम्हांला उपसर्ग होणार नाहीं. "देश तसा वेष" या अर्थाची जी म्हण युरोपांत रोमच्या नांवानें चालते, तिचें मूळ या उत्तरांत सांगतात. म्हणजे ती म्हणहि परक्या गांवांतील उपवासाच्याच प्रश्नांतून निघाली! आणि तिच्यांत पाहुणचार नाहीं, करार नाहीं, राजनीति नाहीं. आहे तो केवळ शेजारचा माणूस.

भाच्याच्या पत्रांतहि खरें उत्तर आधींच आलेलें होतें. तें त्याला दिसलें नाहीं आणि मलाहि दिसलें नाहीं. तो वृद्ध पठाण पहाटेपासून पाण्याच्या थेंबावांचून त्या उन्हांत उभा होता. त्यानें पोलिसाला हांक मारली नाहीं, पाणी पिऊं नकोस असेंहि म्हटलें नाहीं. आंत जाऊन पी, एवढेंच म्हटलें. सुतक असलेल्या घराशेजारीं आपण रेडिओचा आवाज कमी करितों. पथ्यावर असलेल्या आजाऱ्यासमोर पक्वान्नाचें ताट घेऊन बसत नाहीं. आपल्याला दुःख झालें आहे किंवा आपल्यालाहि पथ्य आहे, असा दावा आपण त्या वेळीं करीत असतों काय? मुळींच नाहीं. ढोंग तेथें सुरू होतें, जेथें मी उपाशी आहें असें मी तोंडानें सांगूं लागतों. आडोशाला जाऊन पाणी पिणें हें सोंग नव्हे. ती अदब आहे.

येथून पहिली रेघ ओढतां येते. परक्याकडून आवरून राहण्याची अपेक्षा करतां येते. सामील होण्याची करतां येत नाहीं. अमुक गोष्ट आमच्या डोळ्यांसमोर करूं नका, हें सांगण्याचा यजमान समाजाला बराचसा अधिकार आहे. आमच्या देवाला तुम्हींहि देव म्हणा, हें सांगण्याचा नाहीं.

आपल्या पश्चिम किनाऱ्यानें ही रेघ फार पूर्वीं ओळखली होती. इराणांतून आलेले पारशी संजाणला उतरले तेव्हां तेथल्या राजानें त्यांना अटी घातल्या, असें १५९९ सालीं रचलेल्या 'किस्से-संजाण' या फारसी काव्यांत सांगितलें आहे. त्यांनीं येथली भाषा बोलावी, त्यांच्या स्त्रियांनीं येथला पोषाख करावा, शस्त्रें खालीं ठेवावीं, लग्नें सायंकाळीं लावावीं. काव्यांतली हकीकत शब्दशः इतिहास नसेलहि; पण त्या अटींत काय नाहीं तें पाहण्यासारखें आहे. अग्नि विझवा, असें राजा म्हणाला नाहीं. कोंकणांतील बेने इस्रायलांची गोष्टहि अशीच. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे यहुदी शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणूं लागले. शेजाऱ्यांनीं त्यांच्या धर्माला नांव दिलें तें असें, घाण्याच्या सुट्टीवरून. पण शनिवारीं घाणा चालवा अशी सक्ति कोणीं केली नाहीं. उलट बेने इस्रायलांना त्यांच्या धर्मानें गोमांस निषिद्ध नसतांहि हिंदु शेजाऱ्यांकडे पाहून त्यांनीं तें वर्ज्य केलें. दोन्ही बाजूंनीं आवरून राहणें होतें. सामील होणें कोणाहि बाजूनें नव्हतें.

सामील करून घेण्याची जबरदस्ती नेहमीं यजमानच करितो असेंहि नाहीं. अमेरिकन वायुदलांतील वैमानिक मार्था मॅकसॅली सौदी अरबस्तानांत नेमणुकीवर असतां तळाबाहेर जातांना स्त्री-सैनिकांनीं अबाया घातला पाहिजे, मोटारींत मागें बसलें पाहिजे, असा नियम होता. हा नियम त्यांच्याच सैन्याचा होता. आपण ख्रिस्ती असतां दुसऱ्या धर्माचा पोषाख आपल्यावर लादला जातो, म्हणून २००१ सालीं त्यांनीं सरकारविरुद्ध दावा लावला. पुढच्याच वर्षीं सक्ति शिथिल झाली आणि ती करूं नये असा कायदाहि अमेरिकेच्या काँग्रेसनें केला. यजमानापेक्षांहि अधिक यजमानी करणारे मध्यस्थ कसे असतात, याचा हा नमुना आहे. स्वतःचा व्यापार किंवा स्नेह टिकावा म्हणून ते दुसऱ्याच्या मनाचें दान परस्पर करून टाकतात.

पण ही रेघ ओढून मी समाधानानें बसणार, तोंच सविताबाई पुन्हां समोर येतात. आयर्लंडच्या कायद्यानें त्यांना काय सांगितलें होतें? चर्चमध्यें या, असें सांगितलें नव्हतें. क्रूस गळ्यांत घाला, असेंहि नव्हतें. अमुक एक गोष्ट आमच्या देशांत करूं नका, एवढेंच सांगितलें होतें. म्हणजे तेंहि आवरून राहणेंच होतें! माझ्या रेघेच्या अलीकडेच त्या गेल्या.

तेव्हां दुसरी रेघ हवी, आणि ती वजनाची हवी. आवरून राहण्याची किंमत कोण देतो आणि किती देतो, हें पाहिल्यावांचून परक्यावर संयमाचें ओझें टाकतां येत नाहीं. भाच्याला द्यावी लागली ती किंमत पांच मिनिटांची आणि थोड्या मानहानीची. तोच पाण्याचा घोट उन्हांत लोखंडी सळया वाहणाऱ्या मजुराला नाकारला, तर किंमत निराळी होते. अमिरातींत १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारीं साडेबारा ते तीन उघड्यावरचें काम बंद ठेवण्याचा नियम आहे; देहाची हद्द कायद्यालाहि मान्य करावी लागते, हा त्याचा अर्थ. खुद्द कुराणानें आजाऱ्याला आणि प्रवाशाला रमजानच्या उपवासांतून मोकळीक दिली आहे. राहिलेले दिवस त्यांनीं पुढें भरून काढावे असें सांगितलें आहे. ज्या धर्माच्या नांवानें कायदा होतो तो धर्मच पुष्कळदां कायद्यापेक्षां अधिक दयाळू असतो. कायदा करणाऱ्यांनीं धर्मग्रंथांतील आज्ञा तेवढी उचललेली असते, सवलत उचललेली नसते.

म्हणून मला असें वाटतें, कीं परक्याची जीभ, पोषाख, सण, जाहीर वर्तन यांना यजमान समाज मर्यादा घालूं शकतो, आणि परक्यानें ती कुरकुर न करितां पाळावी. त्याचें मन आणि त्याची उपासना मागण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. आणि जेथें देह आणि प्राण यांचा प्रश्न आहे, तेथें यजमान-पाहुणा हें नातेंच संपतें. तेथें एक माणूस आणि दुसरा माणूस एवढेंच उरतें.

आणखी एक गोष्ट यजमानाच्या बाजूची. न कळून झालेल्या चुकीला आधीं शब्द, मग शिक्षा. तीहि फार विचारानें. २००७ सालीं सुदानांत खार्टूमच्या एका शाळेंत एका इंग्रज शिक्षिकेनें सात वर्षांच्या मुलांना वर्गांतील खेळण्यांतल्या अस्वलाचें नांव निवडावयास सांगितलें. मुलांनीं मतें देऊन 'महंमद' हें नांव निवडलें. तें तेथील घरोघरचें नांव. बाईंना धर्मनिंदेबद्दल पंधरा दिवसांची कैद झाली. पुढें राष्ट्राध्यक्षांनीं क्षमा केली आणि त्या मायदेशीं परतल्या. त्या न्यायालयापेक्षां बसथांब्यावरच्या पठाणानें आपल्या धर्माची अदब अधिक राखली, असें मला वाटतें. त्यानें आधीं शब्द खर्चिला, आणि त्याचें काम शब्दानेंच झालें.

आतां असें कोणी विचारील, कीं परक्यानें नुसतें पाळावें आणि गप्प बसावें काय? या बाबतींत गेल्या शतकांतील इतिहासानें दोन्ही बाजूंना संशयी करून ठेवलें आहे. युरोपियन लोक पूर्वेकडे आले ते बहुधा यजमानाचा कायदा आपल्याला लागू होऊं नये अशी तजवीज करून. तुर्की साम्राज्यांत त्यांचे खटले त्यांचे वकील चालवीत. चीनमध्यें १८४३ सालच्या तहानें इंग्रजांना मिळालेली तशीच सवलत १९४३ पर्यंत टिकली. गोव्यांत तर आलेलाच घरधनी झाला. १५६० ते १८१२ पर्यंत, मधला थोडा खंड सोडल्यास, तेथें धर्मन्यायालय चाललें, आणि १७३६ च्या त्याच्या जाहीरनाम्यानें बाटलेल्या लोकांच्या अंगणांतील तुळससुद्धां निषिद्ध ठरविली. ज्यांनीं हें सोसलें त्यांना परक्याच्या तोंडची सुधारणेची भाषा ऐकतांच मागें उभ्या असलेल्या तोफा आठवल्या, तर नवल नाहीं.

पण या संकोचाला दुसरी बाजू आहे. "ही त्यांची संस्कृति आहे, आपण बोलूं नये," असें आपण म्हणतों, तेव्हां 'त्यांची' म्हणजे कोणाची? १९९० च्या नोव्हेंबरांत रियाध शहरीं सत्तेचाळीस सौदी स्त्रियांनीं स्वतः मोटारी हांकल्या. त्यांना अटक झाली, कित्येकींच्या नोकऱ्या गेल्या. स्त्रियांना मोटार चालविण्याची बंदी उठली ती २०१८ सालीं. मधल्या अठ्ठावीस वर्षांत ज्या परदेशी माणसानें आदरानें मान हालवून ती बंदी सौदी संस्कृति म्हणून वाखाणली, त्यानें त्या सत्तेचाळीस स्त्रियांना सौदी समाजांतून वगळलें, असेंच म्हटलें पाहिजे. कोणत्याहि देशाची रूढि एकमुखी नसते. तिच्यांत तक्रार करणारेहि असतात, आणि तेहि यजमानच असतात.

परक्यानें काय करावें याचें उत्तर मला सविताबाईंच्या पतीच्या वर्तनांत सांपडतें. त्यांनीं त्या देशाची निंदा केली नाहीं, जें घडलें तें सांगितलें. त्यांना त्या देशाची घटना बदलतां येण्यासारखी नव्हती. पण साक्ष देतां येत होती, आणि ती त्यांनीं दिली. पुढचें काम आयरिश लोकांनीं केलें. २०१३ सालीं मातेच्या प्राणरक्षणापुरता कायदा झाला, आणि २५ मे २०१८ रोजीं जनमत घेऊन आठवी दुरुस्ती रद्द करण्यांत आली. शेंकडा ६६ हून अधिक मतें रद्द करण्याच्या बाजूनें पडलीं. ज्या देशाच्या कायद्यानें त्या गेल्या, त्याच देशाचे लोक डब्लिनमध्यें त्यांच्या चित्रासमोर फुलें आणि चिठ्ठ्या ठेवीत होते. आज्ञापालन म्हणजे मान्यता नव्हे. कायदा पाळीत असतां तो माझ्यावर काय ओढवतो हें शांतपणें सांगणें, हा परक्याचा हक्क आहे. आणि तें ऐकणें हा यजमानाचा धर्म आहे.

अमिरातींतहि बरेंच बदललें. दुबईंतील उपाहारगृहांवरची रमजानांतील पडद्यांची सक्ति २०२१ सालीं उठली. जुनी दंडसंहिता जाऊन २०२२ च्या आरंभापासून नवी आली. १९५८ पासून बर-दुबईच्या गल्लींत हिंदूंचें देऊळ होतें. २०२४ च्या फेब्रुवारींत अबू धाबीला भव्य मंदिराचें उद्‌घाटन झालें. भाचा अजून तेथेंच आहे. रमजानांत तो अजूनहि रस्त्यावर पाणी पीत नाहीं. कायद्याची भीति म्हणून नव्हे, असें तो म्हणतो.

आपण मात्र आपल्या घराकडे पाहिल्यावांचून हा विषय संपवूं नये. महाराष्ट्रांत २०१५ सालीं गोवंशहत्याबंदीचा कायदा अधिक कडक झाला. त्याची भाषा शेतीची आणि पशुधनाची आहे. पण तिच्या पाठीमागें धर्मभावना आहे हें सर्वांना ठाऊक आहे. ६ मे २०१६ रोजीं मुंबईच्या उच्च न्यायालयानें कत्तलीची बंदी कायम ठेवली. पण राज्याबाहेर कापलेल्या जनावराचें मांस घरांत बाळगणें हा गुन्हा ठरविणारें कलम मात्र खासगी जीवनाच्या हक्काविरुद्ध म्हणून रद्द केलें. समाजाची भावना उंबरठ्यापर्यंत, त्यापुढें माणसाचें स्वयंपाकघर: तो निकाल मीं असा वाचला.

दोन वर्षांपूर्वीं आमच्या इमारतींत पूर्व आफ्रिकेंतील एक दांपत्य भाड्यानें राहावयास आलें. माणसें अत्यंत सालस. थोड्याच दिवसांत सभा भरली, आणि त्यांनीं घरांत मांस शिजवूं नये असा ठराव पुढें आला. हा आमच्या संस्कृतीचा प्रश्न आहे, त्यांनीं आमच्या भावना जपल्या पाहिजेत, असें एक गृहस्थ कळकळीनें बोलले. दुबईला असलेल्या आपल्या मुलाला तेथें देवघर मांडतां येतें याचें कौतुक याच गृहस्थांनीं मला कित्येकदां सांगितलें होतें. मीं उठून म्हटलें, कीं गणपतीच्या मांडवाजवळ, जिन्यांत, गच्चीवर नको, हें आपण त्यांना अवश्य सांगूं, आणि ते तें आनंदानें ऐकतील. पण त्यांच्या चुलीवर काय आहे हें विचारण्याचा आपल्याला अधिकार नाहीं. माझी सूचना दोन मतांनीं पडली. महिन्याभरानें तें दांपत्य दुसरीकडे राहावयास गेलें.

त्या रात्रीं मीं भाच्याला पत्र लिहिलें. बारा वर्षांपूर्वीं तुला पाठविलेली म्हण अपुरी होती, असें त्यांत कबूल केलें. जाणाऱ्यानें देश तसा वेष धरावा हें खरें. पण जो देशांत आहे त्यानेंहि आलेल्याकडे वेषापलीकडचें कांहीं मागूं नये. पहिलें अर्धें आपण आपल्या मुलांना विमानतळावर ऐकवितों. दुसरें अर्धें आपल्याच सभेंत, आपल्याच जिन्यांत पाळावयाचें असतें. आणि तें फार अवघड आहे, हें मला त्या दिवशीं कळलें.